उतारासाठी शिडी

बांधकाम परवाना कार्यालयाच्या भिंतीवर एक सूचना डकवलेली होती : 'आराखडा व सोबतची कागदपत्रे शिडीवर दोन प्रतित सादर करावी.'

दुसऱ्या कुणी ती वाचून कपाळाला हात लावला असता. अनुस्वारांनी हात खिशाला लावला, लाल पेन काढलं, 'शिडी'ची 'सीडी' केली, 'प्रतित'चं 'प्रतींत' केलं, 'करावी'च्या शेपटाला 'त' जोडला, आणि एक पाऊल मागे सरकून, भिंतीवरची तसबीर सरळ केल्याच्या समाधानाने पाहत उभे राहिले.

"ओ आजोबा! सरकारी कागदावर काय लिहिताय?" खिडकीतून कारकून ओरडला.

"लिहीत नाहीये. दुरुस्त करतोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"व्याकरणाने," अनुस्वार म्हणाले.

रांगेतली माणसं हसली. कारकून हसला नाही. त्याने अनुस्वारांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढचं सगळं प्रकरण निस्तरेपर्यंत तसूभरही बदलली नाही.

आता 'अनुस्वार' हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता आणि निवृत्तीनंतर तपासायला फक्त जग उरलं होतं. इमारतीच्या फळ्यावर 'उद्या पाणि येनार नाही' अशी सूचना लागली की बाकीची बिऱ्हाडं बादल्या भरायला धावत; हे आधी पेन घेऊन फळ्याकडे धावत. तेव्हा हे नाव इमारतीने ठेवलं. त्यांना ते मनातून आवडायचं, पण तोंडावर कुणी म्हटलेलं खपत नसे.

तर असा हा माणूस परवाना कार्यालयात कशाला गेला? अण्णांसाठी. अण्णा म्हणजे अनुस्वारांचे वडील. न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत होते. घर तळमजल्यावर, पण इमारतीच्या दारात पायऱ्या होत्या. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही राहू नयेत, इतक्या थोड्या. एकदा दवाखान्यात न्यायचं म्हणून रखवालदार आणि इस्त्रीवाला या दोघांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून खाली उतरवलं. "जरा तिरकं घे, कोपरा लागतोय!" असं रखवालदार म्हणाला आणि अण्णांचं डोकं फिरलं. "मी काय कपाट आहे?" असं विचारून त्यांनी त्या दिवसापासून बाहेर जायचंच सोडलं. खिडकीत बसत. येणारे-जाणारे विचारत, "काय अण्णा, बरं आहे ना?" अण्णा उत्तर देत नसत. म्हणत, "खिडकीत बसून लोकांना उत्तरं द्यायला मी काय पोस्टातला कारकून आहे?"

तेव्हा पायऱ्यांच्या कडेने एक उतार बांधायचा, एवढीच गोष्ट. गवंडी म्हणाला, दोन दिवसांचं काम. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "बांधा की! फक्त उताराचं टोक पदपथाला लागतंय, तेवढी परवानगी आणा. मग मी एक वीटसुद्धा अडवणार नाही." पुतणीने आराखडा काढून मोबाइलवर पाठवला. एक पान. त्यावर एक तिरकी रेघ. लहान मुलाची घसरगुंडी काढावी तशी.

हा मोबाइल अनुस्वारांनी खिडकीतून आत धरला.

"हे नाही चालत," कारकून म्हणाला. "सीडीवर आणा."

"ईमेल करतो."

"ईमेलची पेटी भरलीये."

"मग रिकामी करा."

"तो अधिकार वरच्या मजल्यावर आहे."

"पेनड्राइव्ह देतो."

"त्यातून व्हायरस येतो. एकदा आला होता, सगळं ऑफिस आठवडाभर बंद."

"आणि सीडीतून येत नाही?"

"अजून तरी आला नाही."

"हार्ड डिस्क आणून देतो!" अनुस्वारांचा आवाज चढला. हार्ड डिस्क म्हणजे नक्की काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण भांडणात शब्द वजनदार असावा लागतो.

"ती लोक परत मागायला येतात," कारकून शांतपणे म्हणाला. "सीडी कशी, दिली की राहते. आणि आम्ही काळाबरोबर बदलत नाही असं समजू नका. आधी फ्लॉपीचा नियम होता. तो आम्हीच बदलला."

घरी येऊन अनुस्वारांनी चप्पल अशी भिरकावली की ती शेजाऱ्यांच्या दारात जाऊन पडली.

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

"म्हणाले, सीडी पाहिजे."

अण्णांना हल्ली कमी ऐकू येत असे, पण ते मान्य नव्हतं. "शिडी? मी उतार मागितला तर शिडी देतायत?"

"देत नाहीयेत, मागतायत! आणि शिडी नाही अण्णा, सीडी! चकती! चकचकीत असते, तिच्यात माहिती साठवतात."

"मग तसं मोठ्याने बोल. किती मागितल्यात?"

"दोन."

"दोन शिड्या!" अण्णा सुनेला म्हणाले. "चढायला एक आणि उतरायला एक. डोकी चालतात हो यांची."

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "आपल्याकडे पुष्कळ होत्या की सीड्या. डबा भरून."

"कुठायत?"

"तुम्हीच भंगारात दिल्यात. म्हणालात, आता सगळं हवेत साठवतात, घरात कचरा नको."

यावर अनुस्वारांनी पेला खाली ठेवला. स्वतःचं वाक्य इतक्या बिनचूक शब्दांत परत ऐकण्याइतकी अपमानाची गोष्ट दुसरी नसते. त्यात व्याकरणाचीही चूक सापडेना.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी म्हणाले, "क्लाउडवर टाका, लिंक पाठवा." कार्यालयाला हातात धरता येईल असं काहीतरी हवंय, असं अनुस्वारांनी सांगितल्यावर सेक्रेटरी विचारात पडले आणि म्हणाले, "मग क्लाउडची झेरॉक्स काढा." तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रायव्हरने कॅसेट आणून दिली. "हिच्यात आवाज भरा. आराखडा तोंडी सांगा, रेघच तर आहे." वरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "अहो, सीडी ना? माझ्या बाल्कनीत टांगल्यात की! कबुतरं येऊ नयेत म्हणून. लागेल तेवढ्या काढून न्या."

अनुस्वार स्टुलावर चढले आणि दोरीच्या गाठी सोडून दोन सीड्या काढून आणल्या. त्यांच्यावर कबुतरांनी आपलं मत स्पष्टपणे नोंदवलेलं होतं. ते धुऊन काढल्यावर कळलं, की एकीत योगासनं भरलेली आहेत आणि दुसरीला दोरीसाठी कडेला भोक पाडलेलं आहे. परत लावून द्यायला गेले, तर तेवढ्या वेळात कबुतर आत शिरून मावशींच्या पांघरुणावर बसलेलं! त्यावर मावशी जे बोलल्या ते ऐकून खालच्या मजल्यावर अण्णा हसले. खूप दिवसांनी हसले, पण अनुस्वारांना तेव्हा त्याचं काही कौतुक वाटलं नाही.

शेवटी समोरचा फोटोग्राफर कामाचं बोलला. "काका, संगणकाच्या दुकानात जा. पण तिथे तुमचा मोबाइल त्यांच्या वायरीला लागेलच असं नाही. हे मेमरी कार्ड घ्या, आराखडा यात टाकून देतो." नखाएवढी काळी चिप त्याने तळहातावर ठेवली. "फक्त जपा. यात तीन लग्नं आहेत."

"तीन लग्नं? एवढ्याशात?"

"जेवणावळींसकट," फोटोग्राफर म्हणाला.

अनुस्वारांनी ते कार्ड कागदात गुंडाळून घरी आणलं, नीट आहे ना म्हणून स्वयंपाकघरातल्या उजेडात उघडून पाहिलं, आणि नेमके तेव्हाच शिंकले. बायको शेजारी परातीत कणीक घेत होती. कार्ड कुठे उडालं ते दोघांनाही दिसलं नाही. ते परातीत गेलं असावं, याची मात्र दोघांनाही एकदमच खात्री पटली.

पुढे घरात जे झालं, ते त्या तीन वधूंच्या आयांनी पाहिलं असतं तर त्या रडल्या असत्या. परात चाळली. मग डबा चाळला. पिठाने पांढरे झालेले अनुस्वार चाळणीवर वाकून "हळू! हळू! लग्नं आहेत त्यात!" म्हणत होते. अण्णा दारातून पाहत होते. "शिडी हरवली का रे पिठात?" त्यांनी विचारलं. शेवटी कार्ड सापडलं ते अनुस्वारांच्या बाहीच्या दुमडीत. बायकोने चाळणी त्यांच्या हातात दिली आणि ती बाहेर जाऊन बसली.

संगणकाच्या दुकानात दुकानदार चहा पीत होता. 'सीडी' हा शब्द ऐकून त्याने जुन्या मित्राची बातमी कळावी तसा चेहरा केला. "आता सीडी मागणारे दोघंच राहिलेत काका. एक तुम्ही आणि एक ते परवाना कार्यालय." मग मागच्या खोलीतून त्याने एक धुळीने माखलेलं यंत्र आणलं. त्याचं तोंड उघडेना. दुकानदाराने टाचणी खुपसली, तेव्हा ते जीभ दाखवल्यासारखं एकदम बाहेर आलं.

त्याच्याकडे दोन कोऱ्या सीड्या उरल्या होत्या. एक भरता भरता शेवटाला येऊन अडकली. "गेली," दुकानदार म्हणाला. दुसरी पूर्ण झाली. दुसऱ्या कुणीही ती खिशात घातली असती, पण अनुस्वारांना तपासल्याशिवाय काही हातावेगळं करायची सवय नव्हती. "उघडून दाखवा," ते म्हणाले.

उघडली. आत एक नवरी मेंदीचे हात पुढे करून हसत होती. मग नवरा. मग नवऱ्याचे मामा.

"उतार कुठाय?" अनुस्वारांनी विचारलं.

"चुकून वरचं फोल्डर गेलं वाटतं. असू दे ना काका, कोण पाहतंय?"

"मी पाहतोय!" अनुस्वार ओरडले. "तिथला अधिकारी पाहील! पदपथावर उतार बांधायची परवानगी मागतोय मी, आणि पुराव्यादाखल जोडू काय, नवऱ्याचे मामा?"

कोरी सीडी संपलेली, म्हणून दुकानदाराने दोन डीव्हीडी काढल्या. "दिसायला सारखीच. उलट जास्त मावतं." या वेळी आत तिरकी रेघ होती. अनुस्वारांनी दोनदा पाहून घेतली आणि कार्यालयाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कारकुनाने चकती उजेडात धरली. वरची बारीक अक्षरं वाचली. "ही डीव्हीडी आहे."

"दिसायला सारखीच असते."

"असेल. पण नियमात 'सीडी' म्हटलंय." त्याने भिंतीकडे बोट केलं. "आधी तिथे 'शिडी' होतं. तेव्हा काहीही चालवून घेता आलं असतं. कुणाला विचारलं असतं तर म्हणालो असतो, छपाईची चूक आहे, अर्थ सैल घ्या. पण आता कुणीतरी लाल पेनाने स्पष्ट केलंय."

रांगेतल्यांनी पुन्हा वळून पाहिलं. छापखान्यात एवढी वर्षं काढली, पण आपली दुरुस्ती इतक्या काटेकोरपणे कुणी अमलात आणल्याचं अनुस्वारांना आठवत नव्हतं. आणि ज्याने आणली त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटत होता.

ते तसेच दुकानात परत आले. दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं, चहाच्या ग्लासाखालची सीडी काढून शर्टाला पुसली, वाकून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखालची दुसरी ओढली. टेबल कलंडलं. "कोऱ्या आहेत दोन्ही. कोरं कधी शिळं होत नाही." आणि खरोखरच त्या दोन्ही भरल्या, दोन्ही उघडल्या, दोन्हीत रेघ होती. एकीच्या पाठीवर चहाचा गोल उमटलेला होता, पण अनुस्वारांनी तिकडे काणाडोळा केला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी चूक त्यांनी पाहून सोडून दिली, आणि तिथून निघताना त्यांना थोडं आजारी असल्यासारखं वाटलं.

कारकुनाने सीड्या घेतल्या. पाकिटावर शिक्का मारला. उठला, मागचं लोखंडी कपाट उघडलं. कपाट वरपासून खालपर्यंत सीड्यांनी गच्च भरलेलं होतं. हाताने जागा करून त्याने या दोन आत खोवल्या आणि दार गुडघ्याने दाबून बंद केलं.

"झालं," तो म्हणाला.

"झालं कसं? उघडून तरी पाहा."

"कशावर? नवीन संगणक आलेत. त्यांना सीडी घालायची सोयच नाही."

अनुस्वारांना प्रथम वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग माझा आराखडा पाहणार कसा?"

"साहेबांच्या मोबाइलवर पाठवा ना. सगळे तसंच करतात."

आता इथे सांगणाऱ्याची पंचाईत होते. कारण अनुस्वार जे बोलले ते सलग बोलले, मोठ्याने बोलले, आणि त्यात एकही वाक्य अर्धवट नव्हतं. त्यांनी कबुतरापासून सुरुवात केली. मग कणकेवर आले. तीन लग्नं, नवऱ्याचे मामा, टेबलाचा पाय, काही म्हणून सोडलं नाही. "जी गोष्ट तुम्हाला वाचता येत नाही, ती मागता कशाला?" त्यांनी विचारलं. "माझे वडील खिडकीत बसून आहेत! रस्ता समोर दिसतो आणि पाय लागत नाही! ते मला रोज विचारतात, काय झालं, आणि मी सांगतो, सीडी. त्यांना ऐकू येतं शिडी. अहो, तेच बरोबर ऐकतात! उतार मागणाऱ्याला तुम्ही शिडीच चढायला लावलीत!"

आतल्या खोलीचं दार उघडून साहेब बाहेर आले. कुणीतरी रडतंय की भांडतंय ते पाहायला आले असावेत. अनुस्वारांनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. साहेबांनी तिरकी रेघ पाहिली.

"उतार आहे ना?" साहेब म्हणाले. "मग ठीक आहे. देऊन टाका."

एवढंच. आणि आत गेले. अनुस्वारांच्या तोंडात आणखी पुष्कळ वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली. आपलं काम झालं याचा आनंद व्हावा, तर भांडण अर्ध्यावर तुटल्याचीच चुटपुट लागली.

"परवानगी पुढच्या आठवड्यात घेऊन जा," कारकून म्हणाला.

"कागदावर?"

"अर्ज सीडीवर, तर उत्तरही सीडीवर. आमचा दुकानदार ठरलेला आहे, तोच भरून देतो."

कोणता दुकानदार, हे अनुस्वारांनी विचारलं नाही.

परवानगी आली. पांढरं पाकीट, त्यावर गोल जांभळा शिक्का, आत सीडी. सेक्रेटरींनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, तिच्यात दिसलेल्या आपल्या चेहऱ्यावरून भांग नीट केला, आणि म्हणाले, "शिक्का आहे ना? मग आमची हरकत नाही." गवंड्याने पाकीट हातात घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत. लांबूनच शिक्का पाहिला आणि घमेलं उचललं.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मावशींच्या भाच्याकडे सीडी चालते म्हणे. काय लिहिलंय ते एकदा बघून घेऊ या का?"

अनुस्वारांच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचे मामा आले.

"नको," ते म्हणाले.

उतार झाला. सिमेंट वाळेपर्यंत रखवालदार आणि इस्त्रीवाला यांनी आळीपाळीने पहारा दिला. मग एका सकाळी अण्णांनी स्वच्छ सदरा घातला आणि अनुस्वारांनी खुर्ची दारातून बाहेर काढली. "हळू," अण्णा म्हणाले. मग अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, "इतकंही हळू नको." पदपथावर पोचल्यावर त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर ने."

"का? काय झालं? दुखतंय का?"

"पुन्हा उतरायचंय."

चौथ्यांदा का पाचव्यांदा वर जाताना दारात एक माणूस उभा दिसला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. बांधकाम परवाना कार्यालयाचा निरीक्षक. "पदपथाला लागून बांधकाम दिसतंय," तो म्हणाला. "परवानगी दाखवा."

बायकोने पाकीट आणून दिलं. निरीक्षकाने शिक्का पाहिला, पाकीट उघडलं, सीडी काढली. पुढून पाहिली. मागून पाहिली. मग स्वतःच्या मोबाइलकडे पाहिलं आणि दोन्ही एकमेकांजवळ धरून पाहिले, जणू ओळख करून दिली की आपसांत बोलायला लागतील.

"हे मी वाचू कसं?"

अनुस्वारांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. अर्ध्यावर तुटलेली सगळी वाक्यं घशाशी गोळा झाली. "ते मला विचारता? तुमच्याच कार्यालयाने दिलंय. शिक्का तुमचा, चकती तुमची. वाचा! मोठ्याने वाचा, अण्णांनाही ऐकू द्या! काना-मात्रा चुकली तर मी सांगेन!"

निरीक्षक ओशाळला. त्याने आवाज खाली आणला. "काका, तुमच्याकडे सीडी घालायची काही सोय आहे का?"

उत्तर अण्णांनी दिलं. त्यांना प्रश्न कसा काय नीट ऐकू आला, देव जाणे.

"शिडीची सोय नाही," अण्णा म्हणाले. "उतार आहे. बाजूला व्हा."

निरीक्षक बाजूला झाला, आणि अण्णा खाली निघाले.